न्या. फ्रँक जॉन्सन (अलाबामा) : हुकूम लिहायचा कसा आणि राबवायचा कसा

साक्षीपुरावा (धागाकर्ता)

अमेरिकी न्यायव्यवस्थेवरची आपल्याकडची चर्चा बहुधा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ जणांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. हा धागा एका जिल्हा न्यायाधीशाबद्दल आहे. फ्रँक मिनिस जॉन्सन (ज्युनियर), अलाबामाच्या मध्य जिल्ह्याचे फेडरल न्यायाधीश, १९५५ ते १९७९. बस, मतदारयाद्या, विधिमंडळाचे मतदारसंघ, शाळा, पोलीसभरती, मनोरुग्णालयं, तुरुंग या सगळ्यांवर या एका माणसाच्या कोर्टातून हुकूम निघाले.

ओळख थोडक्यात. जन्म १९१८, उत्तर अलाबामातला विन्स्टन परगणा. हा डोंगराळ, गरीब भाग. मोठे मळे नव्हते, गुलामही फार थोडे. १८६१मध्ये अलाबामा संघराज्यातून फुटून निघालं तेव्हा या परगण्याच्या प्रतिनिधीने विरोध केला होता. पुढे सगळं राज्य डेमोक्रॅट झालं तरी हा परगणा रिपब्लिकनच राहिला, आणि जॉन्सन यांचे वडील काही काळ विधिमंडळातले एकमेव रिपब्लिकन होते. १९४३मध्ये अलाबामा विद्यापीठातून कायद्याची पदवी. जॉर्ज वॉलेस (पुढे वंशभेदाचा पाठीराखा गव्हर्नर) तिथलाच सहाध्यायी. मग पायदळ, नॉर्मंडीत जखमी, परत येऊन जॅस्पर गावात वकिली. १९५२मध्ये आयझेनहॉवरसाठी माजी सैनिकांचा प्रचार सांभाळला, १९५३मध्ये उत्तर जिल्ह्यात केंद्र सरकारचे वकील झाले. तिथे कर्जाच्या नावाखाली माणसं राबवून घेणाऱ्या जमीनदारांवर खटला चालवून शिक्षा मिळवली. ऑक्टोबर १९५५मध्ये न्यायाधीशपदी नेमणूक, तेव्हा वयाची ३७ पुरी व्हायला काही दिवस बाकी.

ते धाडसी होते हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे: घरासमोर क्रॉस जाळला (कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या दहशतवादी संघटनेची धमकी द्यायची रीत), १९६७मध्ये आईच्या घरावर बाँब टाकला, घराला मार्शलचा पहारा होता. पण धाडसी न्यायाधीश इतरही होते. जॉन्सन यांचे हुकूम जमिनीवर उतरले याचं कारण मसुद्यात आहे, आणि त्यावर बोलावं अशी इच्छा आहे. कोणी कोणत्या खटल्यावर लिहायचं ते आपापसात ठरवू या. भावनिक श्रद्धांजली नको, तपशील हवेत.

---

तळटीप

ब्राउडर विरुद्ध गेल मी घेतो, कारण सुरुवात तिथूनच आहे.

तारखांचा योगायोग बघा. सिनेटने जॉन्सन यांच्या नेमणुकीवर शिक्कामोर्तब केलं ३१ जानेवारी १९५६ला. दुसऱ्या दिवशी, १ फेब्रुवारीला, वकील फ्रेड ग्रे यांनी माँटगोमेरीच्या बसमधल्या वंशभेदाविरुद्ध फेडरल कोर्टात दावा दाखल केला.

त्या काळच्या नियमाप्रमाणे राज्याचा कायदा घटनाबाह्य म्हणून रोखायचा असेल तर एका न्यायाधीशाला तो अधिकार नव्हता. तिघांचं पीठ लागे. पायऱ्या अशा : (१) दावा जिल्हा न्यायाधीशाकडे येतो, (२) तो सर्किटच्या (म्हणजे काही राज्यांवरच्या फेडरल अपील कोर्टाच्या) मुख्य न्यायाधीशाला कळवतो, (३) मुख्य न्यायाधीश आणखी दोघांना नेमतो, त्यातला किमान एक सर्किट कोर्टाचा, (४) निकालावर अपील मधली पायरी ओलांडून थेट सर्वोच्च न्यायालयात. ही चौथी पायरी फार मोलाची होती. एरवी पाचव्या सर्किटमध्ये एखादं वर्ष सहज गेलं असतं. १९७६मध्ये काँग्रेसने ही तरतूद जवळजवळ काढून टाकली, आता ती मुख्यतः मतदारसंघांच्या वादांपुरती उरली आहे.

पीठावर जॉन्सन, सर्किट कोर्टाचे रिचर्ड राइव्हज आणि उत्तर जिल्ह्याचे सीबर्न लिन. सुनावणी ११ मेला, निकाल ५ जूनला, दोन विरुद्ध एक. मत देताना सर्वांत कनिष्ठाने आधी बोलायचं हा प्रघात, म्हणून जॉन्सन आधी बोलले, आणि फार वेळ घेतला नाही.

लिन यांचं भिन्नमत खुळचट नव्हतं, हे नोंदवायला हवं. त्यांचं म्हणणं असं की १९५४चा ब्राउन निकाल शाळांपुरता आहे. प्रवासाबद्दलचा १८९६चा प्लेसी निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत रद्द केलेला नाही. खालच्या कोर्टाने तो रद्द झाला असं परस्पर मानू नये. बहुमताने उत्तर दिलं की नंतरच्या निकालांची एकत्रित दिशा पाहता प्लेसी उरलेलाच नाही.

---

इंद्रायणी

वाचतेय. दोन प्रश्न. बसमधली जागा न सोडल्याने अटक झालेल्या रोझा पार्क्स या दाव्यात वादी का नव्हत्या? आणि जूनमध्ये निकाल लागला तर त्या अटकेनंतर काळ्यांनी बसवर घातलेला बहिष्कार डिसेंबरपर्यंत का चालला?

---

तळटीप

@इंद्रायणी, पार्क्सबाईंवर राज्याच्या कोर्टात फौजदारी खटला होता आणि त्याचं अपील प्रलंबित होतं. त्यांना वादी केलं असतं तर शहराच्या वकिलांनी हा चालू खटल्यातून सुटण्याचा आडमार्ग आहे असा आक्षेप घेतला असता, आणि मूळ मुद्दा बाजूला पडला असता. म्हणून ग्रे यांनी ज्यांच्यावर काही प्रलंबित नव्हतं अशा बायका निवडल्या : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, क्लॉडेट कॉल्व्हिन आणि मेरी लुईज स्मिथ. पाचवीने दबावामुळे नाव काढून घेतलं. शेवटच्या दोघी तेव्हा किशोरवयीन होत्या. कॉल्व्हिनला पार्क्सच्या नऊ महिने आधी अटक झाली होती.

डिसेंबरचं कारण म्हणजे स्थगिती. अपील निकाली निघेपर्यंत मनाई हुकूम थांबवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबरला निकाल कायम केला; त्याच दिवशी राज्याचं कोर्ट बहिष्कारवाल्यांच्या मोटारव्यवस्थेवर बंदी घालत होतं. फेरविचार अर्ज फेटाळून लेखी आदेश माँटगोमेरीत पोचायला २० डिसेंबर उजाडला. २१ला लोक बसमध्ये चढले. एकूण ३८१ दिवस. निकाल आणि अंमल यांच्यातलं हे अंतर जॉन्सन यांनी पहिल्याच मोठ्या खटल्यात पाहिलं, आणि पुढच्या हुकमांत ते भरून काढण्याचा प्रयत्न दिसतो.

---

पानशेतकर

वॉलेसचं प्रकरण मी सांगतो, कारण त्यातली चाल लोकांच्या लक्षात येत नाही.

१९५८. नागरी हक्क आयोगाला बार्बर आणि बुलक परगण्यांच्या मतदारनोंदणीची कागदपत्रं हवी होती. वॉलेस तेव्हा तिथला राज्याच्या कोर्टाचा न्यायाधीश. त्याने दप्तर ताब्यात घेऊन जाहीर केलं की देणार नाही, कोणी आलं तर तुरुंगात टाकीन. जॉन्सन यांनी जानेवारी १९५९मध्ये हुकूम काढला की कागद दाखवा. वॉलेसने युक्ती केली : दप्तर स्थानिक ग्रँड ज्युरींच्या (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांच्या) हवाली केलं, आणि ज्युरींनी ते आयोगाला पाहू दिलं. म्हणजे कागद दिलेही आणि मी दिले नाहीत असं बाहेर सांगायची सोयही राहिली.

त्याला अवमानाची छोटी शिक्षा हवी होती. गव्हर्नरकीची १९५८ची निवडणूक तो हरला होता आणि फेडरल सरकारशी झुंजणारा म्हणून पुढची लढवायची होती. जॉन्सन यांनी शिक्षा दिलीच नाही. निकालात लिहिलं की आडमार्गाने का होईना, याने हुकमाचं पालन केलं आहे, सबब निर्दोष. वाघ म्हणून मिरवायला निघालेल्या माणसाला कोर्टाने आज्ञाधारकपणाचं प्रमाणपत्र दिलं. पुढे १९६२च्या प्रचारात वॉलेस जॉन्सन यांना उघड उघड खोटारडा म्हणत फिरला आणि निवडून आला.

---

साक्षीपुरावा

छान. मतदारनोंदणीचं काम याला लागूनच येतं, आणि जॉन्सन यांची पद्धत घडली ती तिथे.

मॅकन परगण्यात, म्हणजे टस्किगीत, काळ्यांची बहुसंख्या, त्यात प्राध्यापक आणि डॉक्टर. तरी नोंदणी होत नसे. रीत अशी : नोंदणी मंडळ ठरलेल्या दिवशी भेटायचंच नाही, भेटलं तर गोऱ्यांना वेगळी खोली, काळ्या अर्जदाराला घटनेचा लांबलचक उतारा हाताने उतरवायला लावायचा, एक काना चुकला की अर्ज बाद, गोऱ्याचा चुकांनी भरलेला अर्ज मंजूर, वर लिहायला मदतही. सरकारने दावा केला की मंडळाचे सदस्य राजीनामा देऊन मोकळे. प्रतिवादीच उरला नाही! १९५९मध्ये जॉन्सन यांना याच कारणाने दावा फेटाळावा लागला. १९६०च्या नागरी हक्क कायद्यात काँग्रेसने ही फट बुजवली : सदस्य नसतील तर राज्यालाच प्रतिवादी करा.

मग १९६१चा हुकूम. ६४ जणांची नावं ताबडतोब यादीत घाला, मंडळाने ठराविक दिवशी बसायचंच, दर महिन्याला किती अर्ज आले, किती नाकारले, का नाकारले, याचा अहवाल कोर्टाला द्या. माँटगोमेरी परगण्याच्या १९६२च्या खटल्यात त्यांनी याहून पुढचं पाऊल टाकलं. इतकी वर्षं गोऱ्यांना ढिल्या निकषाने घेतलं ना? मग काळ्यांनाही तोच निकष. नियम आता अचानक सगळ्यांसाठी समान कडक केले तर जुना भेदभाव यादीत गोठून राहतो, हे त्यामागचं गणित. १९६५च्या मतदान हक्क कायद्यामागचा विचार हाच आहे.

---

दुसरी_बाजू

आरती झाली असेल तर थोडं उलटं बोलतो.

१) गोमिलियन विरुद्ध लाइटफूट. १९५७मध्ये अलाबामाने टस्किगी शहराची चौकोनी हद्द २८ बाजूंची करून टाकली. सुमारे ४०० काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे शहराबाहेर. गोरा मतदार एकही बाहेर नाही. जॉन्सन यांनी हा दावा फेटाळला. हद्द ठरवण्याच्या विधिमंडळाच्या अधिकारावर कोर्टाचा ताबा नाही म्हणाले. १९६०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उलटवलं.

२) मे १९६१, फ्रीडम रायडर्स, म्हणजे बसप्रवासातला वंशभेद मोडायला एकत्र निघालेले काळे-गोरे प्रवासी. माँटगोमेरीच्या बसस्थानकावर जमावाने त्यांना बदडलं आणि पोलीस गायब. जॉन्सन यांनी क्लॅनवर आणि शहराच्या पोलिसांवर मनाई हुकूम काढला, ठीक. पण त्याच दिवशी राइड आयोजित करणाऱ्या संघटनांवरही दहा दिवसांची बंदी घातली! मार खाणाऱ्यालाही घरी बसायला सांगितलं.

३) सेल्मातही ९ मार्च १९६५ला मतदानाच्या हक्कासाठी माँटगोमेरीला निघालेला मोर्चा थांबवणारा पहिला हुकूम त्यांचाच.

---

तळटीप

मुद्दे खरे आहेत, पण पहिल्याचं कारण सांगायला हवं. १९४६च्या कोलग्रोव्ह निकालाने मतदारसंघांच्या राजकीय झुडपात कोर्टांनी शिरू नये असं बजावलं होतं, आणि जॉन्सन वरच्या कोर्टाचं ऐकणारे होते. वरून दार उघडल्यावर मात्र ते थांबले नाहीत. १९६१मध्ये जुनी हद्द परत. मार्च १९६२मध्ये बेकर विरुद्ध कार (मतदारसंघांच्या वादात कोर्टाला दखल घेता येते हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल) आला, आणि त्याच वर्षी जुलैत त्यांच्या तिघांच्या पीठाने अलाबामाच्या विधिमंडळाची तात्पुरती फेरमांडणी स्वतःच आखून दिली. राज्याने १९०१पासून मतदारसंघ हलवले नव्हते. सिनेटमध्ये लाउंड्स परगण्याच्या १५,४१७ लोकांना एक जागा आणि जेफर्सनच्या सहा लाखांवर लोकांनाही एकच. सर्वांत लहान आणि मोठ्या मतदारसंघातलं प्रमाण सिनेटमध्ये सुमारे १ ला ४१, खालच्या सभागृहात १ ला १६. हाच खटला वर जाऊन १९६४चा रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स झाला : एक माणूस, एक मत.

दुसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत. शांतता टिकवण्याच्या नादात हक्क बजावणाऱ्याला थांबवणं ही त्यांची खोड होती. नोव्हेंबर १९६१मध्ये बसकंपन्या आणि स्थानकांबद्दलचा निकाल रायडर्सच्या बाजूने दिला, पण त्या दहा दिवसांचं समर्थन होत नाही.

---

पानशेतकर

सेल्माबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. ९ मार्चचा हुकूम वेगळ्या जातीचा होता.

७ मार्चला सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना मारहाण केली. ८ला दावा दाखल झाला : होझिया विल्यम्स, जॉन लुइस, अमीलिया बॉइंटन विरुद्ध वॉलेस. वादींना दुसऱ्या बाजूला न ऐकता लगेच मनाई हुकूम हवा होता. जॉन्सन म्हणाले, एकतर्फी देणार नाही, सुनावणी गुरुवारी, तोवर मोर्चा नाही. ९ला मार्टिन ल्यूथर किंग पुलापर्यंत जाऊन परतले ते यामुळे. सुनावणी ११ ते १६ मार्च. कोर्टात ७ तारखेची चित्रफीत दाखवली गेली. राज्याचे वकील पोलिसांनी संयम पाळल्याचं सांगत होते, ती फीत पाहिल्यावर त्याला काही अर्थ उरला नाही. एकतर्फी हुकूम दिला असता तर हा पुरावा नोंदीवर आलाच नसता, आणि अपिलात हुकूम टिकणं कठीण गेलं असतं.

१७ मार्चचा निकाल वाचण्यासारखा आहे. त्यातलं तत्त्व असं : शांततेने जमण्याचा आणि रस्त्याने चालण्याचा हक्क किती ताणायचा, हे ज्या अन्यायाविरुद्ध दाद मागायची त्याच्या मोठेपणावर ठरेल. सुमारे ५४ मैलांचा हमरस्ता पाच दिवस अडवणं एरवी कोणी मान्य केलं नसतं. विद्वानांनी या प्रमाणाच्या तत्त्वावर टीका केली आहे आणि ती रास्त आहे, कारण अन्यायाचं मोठेपण न्यायाधीश मोजणार म्हणजे हक्क त्याच्या मर्जीवर. पुढे हे तत्त्व फारसं कोणी उचललं नाही.

पण तपशील पाहा. वादींकडून आधी लेखी योजना मागवली आणि तीच हुकमाला जोडली :
- हायवे ८० जिथे दुपदरी आहे तिथे ३००हून जास्त माणसं नाहीत. सेल्मा आणि माँटगोमेरी शहरांत संख्येला मर्यादा नाही
- चालायचं रस्त्याच्या कडेने, डाव्या बाजूने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून
- मुक्कामाच्या जागा आधी ठरलेल्या, खाजगी शेतांत, मालकाच्या परवानगीने, तंबू जाणकारांकडून उभारलेले
- ट्रकवर फिरती स्वच्छतागृहं, कचरा उचलण्याची सोय, रुग्णवाहिका, प्रथमोपचार

राज्याने संरक्षण द्यायचं. वॉलेसने खर्च परवडत नाही म्हणून हात झटकले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २० मार्चला अलाबामाचं नॅशनल गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतलं. २१ला निघालेला मोर्चा २५ला पोचला. त्या रात्री व्हायोला लिउझो यांचा खून झाला. राज्याच्या कोर्टात आरोपी सुटला. डिसेंबर १९६५मध्ये जॉन्सन यांच्यापुढे तिघांवर हक्क हिरावण्याच्या कटाचा फेडरल खटला चालला. ज्युरी अडकल्याचं सांगत होती, त्यांनी परत आत पाठवलं. सगळ्या गोऱ्या ज्युरीने दोषी ठरवलं, त्या कलमाखालची कमाल शिक्षा, दहा वर्षं.

---

इंद्रायणी

शाळांबद्दल कोणी लिहिणार का? ली विरुद्ध मॅकन परगणा हे नाव सारखं येतं.

---

साक्षीपुरावा

थोडक्यात. ऑगस्ट १९६३मध्ये जॉन्सन यांनी टस्किगीच्या हायस्कुलात १३ काळ्या मुलांना प्रवेश द्यायला सांगितलं. स्थानिक शाळामंडळ तयार होतं. गव्हर्नर वॉलेसने राज्य पोलीस पाठवून शाळा बंद पाडली, मग गोऱ्या मुलांच्या खाजगी शाळेला सरकारी पैशांची वाट करून दिली. वादींचे वकील कोर्टात म्हणाले, पाहा, शाळा परगण्याच्या नव्हे तर राज्याच्या ताब्यात आहेत, पुरावा गव्हर्नरनेच दिला. कोर्टाने मानलं, आणि एका परगण्याचा दावा राज्यभर पसरला. मार्च १९६७च्या हुकमाने ९९ शाळामंडळं एका फटक्यात आली. वॉलेस गप्प बसला असता तर ९९ वेगळे दावे लावावे लागले असते.

फसलं कुठे? १९६७चा हुकूम आवडीची शाळा निवडा या धर्तीचा होता. गोरी मुलं काळ्यांच्या शाळेत गेली नाहीत, आणि निवड करणाऱ्या काळ्या पालकांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून १९६८मध्ये माँटगोमेरीसाठी त्यांनी शिक्षकांचे आकडे ठरवून दिले : बारापेक्षा कमी शिक्षक असतील तिथे किमान एक वेगळ्या वंशाचा, बारा किंवा जास्त असतील तिथे दर सहांत एक, पुढे जिल्ह्याच्या प्रमाणाइतके, म्हणजे तीन गोऱ्यांमागे दोन काळे. पाचव्या सर्किटने हे आकडे सैल केले, सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये एकमताने परत घट्ट केले.

---

शमी

आता वायट विरुद्ध स्टिकनी. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हे आहे, बसपेक्षाही.

टस्कलूसाचं ब्राइस रुग्णालय, सुमारे ५,००० मनोरुग्ण. १९७०मध्ये सिगारेट करातलं उत्पन्न घटलं म्हणून ९९ कर्मचारी काढले. मूळ दावा नोकऱ्यांचा होता; त्यात रुग्णही वादी होते, आणि जॉन्सन यांनी नोकऱ्यांपेक्षा रुग्णांच्या मुद्द्यात रस दाखवला. त्या ५,००० लोकांच्या उपचारात प्रत्यक्ष गुंतलेले किती? पीएचडी झालेला मानसशास्त्रज्ञ १, मनोविकारांचं काही प्रशिक्षण असलेले डॉक्टर ३, प्रशिक्षित समाजसेवक २. अन्नावर माणशी रोजचा खर्च ५० सेंटपेक्षा कमी.

मार्च १९७१चा युक्तिवाद साधा आहे. या लोकांना गुन्ह्यासाठी डांबलेलं नाही, उपचारासाठी डांबलं आहे. उपचार नसेल तर डांबण्याचं कारणच संपतं, आणि ते १४व्या घटनादुरुस्तीतल्या योग्य कायदेशीर प्रक्रियेचं उल्लंघन ठरतं.

पुढची पायरी जास्त शिकण्यासारखी. लगेच मानकं लादली नाहीत. राज्याला सहा महिने दिले. राज्याची योजना अपुरी निघाली. मग केंद्र सरकार आणि मानसशास्त्रज्ञांच्या संघटनांना न्यायमित्र म्हणून बोलावलं, फेब्रुवारी १९७२मध्ये तज्ज्ञांची सुनावणी घेतली. बरीचशी मानकं दोन्ही पक्षांच्या संमतीनेच ठरली. म्हणून १३ एप्रिल १९७२च्या हुकमावर न्यायाधीशाने मनाने आकडे काढले हा आरोप टिकत नाही. त्यातले काही आकडे :

- दर २५० रुग्णांमागे २ मनोविकारतज्ज्ञ, ४ डॉक्टर, १२ परिचारिका
- एका खोलीत सहाहून जास्त नाहीत, माणशी ८० चौरस फूट. एकट्याची खोली असेल तर १०० चौरस फूट
- ८ जणांमागे एक शौचालय, ६ जणांमागे एक बेसिन, १५ जणांमागे एक न्हाणी
- तापमान ६८ फॅरनहाइटच्या खाली नाही, ८३च्या वर नाही
- दाखल झाल्यापासून ४८ तासांत पूर्ण तपासणी, पाच दिवसांत त्या रुग्णापुरती लेखी उपचारयोजना
- रुग्णालयाची कामं रुग्णांकडून फुकट करून घ्यायची नाहीत

पुरेसा उपचार द्या एवढंच लिहिलं असतं तर राज्याने दरवर्षी आम्ही देतोच आहोत असं प्रतिज्ञापत्र दिलं असतं. दर आठ जणांमागे एक शौचालय आहे की नाही हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. आणि देखरेखीला सात जणांची मानवी हक्क समिती, रुग्णांच्या तक्रारी तिच्याकडे.

---

दुसरी_बाजू

शमी, आकडे बरोबर, परिणाम अर्धवट सांगितलात. २५० मागे अमुक हे गुणोत्तर आहे. गुणोत्तर दोन बाजूंनी जुळवता येतं : माणसं नेमा किंवा रुग्ण कमी करा. अलाबामाने दोन्ही केलं, पण दुसरं स्वस्त पडलं. हजारोंना बाहेर काढलं, आणि गावागावांत त्यांची सोय त्या वेगाने उभी राहिली नाही. शिवाय पैसा विधिमंडळाच्या हाती. जॉन्सन यांनी पैसे नाहीत ही सबब चालणार नाही असं बजावलं, पण कर लावायचा हुकूम त्यांनी कधी काढला नाही. खटला संपला डिसेंबर २००३मध्ये, ३३ वर्षांनी. जॉन्सन तोवर वारले होते.

---

शमी

मान्य. फक्त दोन गोष्टी. बाहेर काढलेल्यांतले कितीतरी जण मुळात आजारी नव्हतेच. वायट हे नाव ज्याचं, तो पंधरा वर्षांचा मुलगा वर्तनाच्या तक्रारीवरून ब्राइसमध्ये टाकलेला होता, त्याला कोणताही मनोविकार नव्हता. दुसरं, गुणोत्तराची पळवाट दिसत होती म्हणूनच हुकमात बाहेर सोडलेल्यांसाठी संक्रमणकाळातल्या उपचाराची जबाबदारीही राज्यावर टाकली होती. ती मोजता येईल अशा शब्दांत नव्हती, हा त्यातला कच्चा दुवा. जिथे आकडा होता तिथे पालन झालं, जिथे नव्हता तिथे नाही.

---

तळटीप

तुरुंगांबाबत तेच, आणखी तीव्र. १९७५च्या सुनावणीत पुरावा इतका भयंकर आला की शेवटी राज्याच्या वकिलांनीच क्रूर शिक्षेबद्दलच्या आठव्या घटनादुरुस्तीचं उल्लंघन कबूल केलं. एकांतवासाची कोठडी चार बाय आठ फुटांची, तिच्यात कधी कधी सहा जण, ना बिछाना ना दिवा, शौचासाठी जमिनीत भोक, आणि त्यात पाणी सोडायची सोय बाहेरच्या बाजूला.

ऑगस्ट १९७५मध्ये पहिला हुकूम : मोठ्या तुरुंगांतली संख्या मूळ क्षमतेवर येईपर्यंत नवे कैदी घ्यायचे नाहीत. परिणाम ताबडतोब दिसला, पण भलतीकडे. शिक्षा झालेले कैदी परगण्यांच्या कोठड्यांत साचले, आणि तिथली अवस्था तुरुंगाहून वाईट झाली. जानेवारी १९७६च्या हुकमात कोठडीला किमान ६० चौरस फूट, रक्षकांची संख्या, काम आणि शिक्षणाची संधी, आणि प्रत्येक कैद्याचं नव्याने वर्गीकरण. हे वर्गीकरण अलाबामा विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाने केलं, आणि कडक पहाऱ्याची खरी गरज फारच थोड्यांना आहे असं निघालं. गर्दी कमी करायचा तो सर्वांत स्वस्त उपाय ठरला.

देखरेखीला ३९ जणांची समिती नेमली. पाचव्या सर्किटने १९७७मध्ये ती बरखास्त केली : कोर्टाने कारभार चालवू नये. समिती गेल्यावर जॉन्सन यांनी १९७९मध्ये वेगळी खेळी केली. नवे गव्हर्नर फॉब जेम्स यांनाच तुरुंगांचे रिसीव्हर (कोर्टाच्या वतीने कारभार पाहणारे) नेमलं, पुढे मनोरुग्णालयांचेही. म्हणजे पालन न करणारा आणि कोर्टाच्या वतीने पालन करवून घेणारा एकच माणूस. जेम्स वॉलेससारखे भांडखोर नव्हते म्हणून हे चाललं.

---

इंद्रायणी

म्हणजे आपल्याकडे जनहित याचिकांत प्रकरण बंद न करता वेळोवेळी अहवाल मागवतात, तसंच ना? विनीत नारायण प्रकरणात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने तेच केलं होतं.

---

तळटीप

हो, जातकुळी तीच. फरक दोन. आपल्याकडे हे सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयं करतात, तिथे पहिल्या पायरीच्या कोर्टाने केलं. त्यामुळे साक्षीदारांची उलटतपासणी होऊन आकड्यांना पुराव्याचं बळ मिळालं. दुसरा, तिथे प्रत्येक हुकमावर लगेच अपील होतं, म्हणून मसुद्यात सैल वाक्य ठेवून भागत नाही.

---

पानशेतकर

पोलीसभरती राहिली. १९७२मध्ये राज्य पोलिसांत ३७ वर्षांत एकही काळा शिपाई नव्हता. हुकूम : काळ्यांचं प्रमाण २५ टक्के होईपर्यंत एका गोऱ्यामागे एक काळा. कोट्याबद्दल कोणाचं काहीही मत असो, सरळ मनाई हुकूम का पुरला नसता हे उघड आहे : खात्याने भरतीच थांबवली असती. आणि बढत्यांत तसंच झालं. तो भाग १९८७पर्यंत वर चालला, आणि पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टाची बाजू टिकली.

---

साक्षीपुरावा

शेवटचा टप्पा. १९७२मध्ये फ्रंटिएरो खटल्यात, मॅक्सवेल हवाईतळावरच्या महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला भत्ता नाकारण्याच्या वादात, तिघांच्या पीठावर एकटे जॉन्सन विरोधात होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७३मध्ये आठ विरुद्ध एक मताने त्यांच्या बाजूचा निकाल दिला. १९७७मध्ये कार्टर यांनी एफबीआयच्या संचालकपदासाठी नाव सुचवलं, पण महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतर तब्येत सावरेना म्हणून त्यांनी माघार घेतली. १९७९मध्ये पाचव्या सर्किटवर बढती, ते सर्किट विभागल्यावर १९८१पासून अकराव्यावर.

तिथला १९८५चा हार्डविक विरुद्ध बॉवर्स निकाल त्यांनी लिहिला : घरात, संमतीने, प्रौढांमधले समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या जॉर्जियाच्या कायद्याला कडक कसोटी लावावी लागेल. सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो उलटवला. २००३मध्ये लॉरेन्स विरुद्ध टेक्सासमध्ये बॉवर्सच रद्द झाला, तो दिला तेव्हाही चूक होता असं म्हणत. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९च्या नाझ फाउंडेशन निकालात कलम ३७७ची चर्चा करताना बॉवर्स आणि लॉरेन्स दोन्ही येतात, तिथे आपला संबंध जुळतो.

---

इंद्रायणी

ते निवृत्त कधी झाले? ७३ वर्षांपर्यंत पूर्णवेळ पदावर?

---

तळटीप

फेडरल न्यायाधीशाला निवृत्तीचं वय नसतं, महाभियोगाशिवाय काढता येत नाही. पण वय किमान ६५ आणि वय अधिक सेवा मिळून ८० झाली की ज्येष्ठ दर्जा घेता येतो : पगार चालू, काम कमी, आणि जागा रिकामी धरून राष्ट्राध्यक्ष नवा नेमतो. जॉन्सन यांनी तो ऑक्टोबर १९९१च्या अखेरीस घेतला. निधन जुलै १९९९, माँटगोमेरीत. तिथल्या फेडरल कोर्टाच्या इमारतीला त्यांचं नाव १९९२मध्येच दिलं होतं.

मूळ निकाल वाचायचे असतील तर १७ मार्च १९६५चा सेल्माचा आधी घ्या, छोटा आहे. मग १३ एप्रिल १९७२च्या वायट हुकमाचं परिशिष्ट. निकालाच्या अंगापेक्षा परिशिष्टच जास्त लांब आहे.

---

दुसरी_बाजू

आणि डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय न्याय विभागाने अलाबामाच्या पुरुष कैद्यांच्या तुरुंगांवर पुन्हा दावा लावला. कलम तेच, आठवी घटनादुरुस्ती. त्यातले कागद हाताशी असणाऱ्यांनी वेगळा धागा काढावा, इथे फार लांबेल.